365 चे 366 कधी झाले? गिटच्या इतिहासात एक बदल शोधताना

4 सप्टेंबर 2024 ला, गणपती तीन दिवसांवर आलेले असताना, सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं पत्र ऑफिसात आलं. त्यांच्याकडे आमचं सॉफ्टवेअर बरीच वर्षं चालू आहे. पत्रात लिहिलं होतं की 2023-24 च्या वैधानिक लेखापरीक्षणात मुदत ठेवींच्या व्याजात फरक आढळला आहे. जानेवारी ते मार्च 2024 या तिमाहीचं व्याज 365 ऐवजी 366 दिवसांनी भागून काढलेलं दिसतं, आणि संचालक मंडळाच्या ठरावात तर 365 दिवस असं स्पष्ट लिहिलेलं आहे. खाली तीन प्रश्न होते. हा बदल कोणत्या तारखेपासून लागू झाला? कोणाच्या सूचनेवरून झाला? 2016 आणि 2020 या लीप वर्षांत कोणती पद्धत होती?

रक्कम ऐकायला किरकोळ वाटते. पाच लाखांची ठेव, दर 9 टक्के, जानेवारी ते मार्च 2024 चे दिवस 91. 365 ने भागलं तर 11,219 रुपये, 366 ने भागलं तर 11,189. फरक तीस रुपयांचा. काही बँका लीप वर्षात 366 धरतातही, त्यात वावगं काही नाही. पण इथे संस्थेचा ठराव वेगळा होता, आणि तीस रुपये प्रत्येक ठेवीदाराच्या खात्यातून गेले होते. सहकार कायद्याच्या कलम 82 प्रमाणे लेखापरीक्षण अहवाल आल्यापासून तीन महिन्यांत दोष दुरुस्ती अहवाल, म्हणजे ज्याला सगळे 'नमुना ओ' म्हणतात तो, द्यावा लागतो. अहवाल 31 जुलैचा होता. म्हणजे ऑक्टोबर संपायच्या आत संस्थेला उत्तर द्यायचं, आणि त्याआधी आम्ही संस्थेला.

मी या कंपनीत 2021 साली आलो. हा व्याजाचा कोड माझ्या आधीच्या लोकांचा, आणि त्यातलं आता कोणीच इथे नाही. पत्र वाचून पोटात गोळा आला तो याचमुळे. कोड दुरुस्त करायला अर्धा तास पुरला असता, पण विचारलं होतं ते 'कधी' आणि 'का'.

पहिलं काम कोणीही करेल तेच केलं, गिट ब्लेम. (गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली, त्यातली एकेक नोंद म्हणजे कमिट. ब्लेम सांगतं, प्रत्येक ओळ शेवटची कोणत्या कमिटमध्ये बदलली.) फाइल उघडली, भागाकाराच्या ओळीवर गेलो. ब्लेम सांगतं: 2021, 'कोड फॉरमॅटिंग आणि बिगडेसिमल'. त्या एका कमिटने अख्ख्या प्रोजेक्टमधल्या जवळपास प्रत्येक ओळीला हात लावलेला. टॅबच्या जागी स्पेस, कंस खालच्या ओळीवर, वर आकडेमोडीचा डेटाटाइपही बदललेला. फक्त मोकळ्या जागा बदललेल्या असत्या तर ब्लेमला -डब्ल्यू जोडून भागलं असतं. गिटच्या 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून, असली कमिट वगळायला --इग्नोर-रेव्ह आहे, आणि अशा कमिटांची यादी एका फाइलमध्ये ठेवून ती कॉन्फिगमध्ये कायमची लावताही येते. मी तसं केलं. बाकीची फाइल बरीच सुधारली, पण नेमकी माझी ओळ त्या कमिटमध्ये नव्याने लिहिलेली असल्यामुळे ब्लेमने अंदाजाने भलतीकडेच बोट दाखवलं. (ज्यांच्याकडे अजून अशी यादी नाही त्यांनी आजच करून ठेवा. पुढच्या माणसाचे शिव्याशाप वाचतील.)

मग गिट लॉग -एस. लॉग म्हणजे कमिटांची यादी. ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी: ब्लेम आजच्या ओळीवरून मागे जातं, -एस मात्र तुम्ही दिलेला मजकूर ज्या कमिटमध्ये फाइलमध्ये नव्याने आला किंवा गेला, तेवढीच कमिट काढून देतं. ते मोजणी करतं. आधी तीनदा होता आणि नंतरही तीनदाच असेल, तर ते कमिट दाखवत नाही, मग ओळ फाइलमध्ये वरून खाली का गेली असेना. त्याचा भाऊ -जी. बदललेल्या ओळींपैकी एकीत जरी नमुना जुळला तरी तो कमिट दाखवतो, म्हणून तिथे यादी लांबते. दोन्ही अक्षरं कॅपिटल. लहान एस टाइप केलात तर गिट भलतंच काहीतरी समजतं आणि तुम्ही यादीकडे बघत बसता.

नुसतं 365 शोधलं तर पूर आला. लॉकर भाडं, घसारा, रिपोर्टांचे कालावधी, सगळीकडे 365. तेव्हा शोध ठेवींच्या फाइलपुरता मर्यादित केला. आता काहीच आलं नाही, आणि फाइलच्या साध्या लॉगमध्ये सगळ्यात जुनं कमिट निघालं 2022 मधलं, 'फोल्डर रचना बदल'. म्हणजे फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, आणि गिटच्या लेखी नव्या नावाचा इतिहास तिथूनच सुरू. --फॉलो लावलं की ते नाव बदलण्याच्या मागे जातं, मात्र एका वेळी एकाच फाइलसाठी. त्यापेक्षा जुना पत्ता माहीत असेल तर सरळ तोच द्यावा. मी जुना पत्ता दिला.

इथे पहिल्यांदा डोकं चक्रावलं. जुन्या पत्त्यावर 365 साठी एकच कमिट आलं, नोव्हेंबर 2018 चं, एसव्हीएनमधून (गिटच्या आधी आम्ही वापरायचो ती तशीच प्रणाली) गिटमध्ये कोड आणला तेव्हाचं. त्यात 365 आला. पुढे 2022 मध्ये फाइल हलली तेव्हा तिच्यात 365 नव्हता. मध्ये तो काढून टाकणारं कमिट कुठेच नाही! --ऑल लावून सगळ्या ब्रँच, म्हणजे कामाच्या समांतर वाटा, चाळल्या, --फुल-हिस्टरी लावून पाहिलं. कोणीतरी इतिहास पुन्हा लिहून जबरदस्तीने पुश केला असेल, इथपर्यंत शंका गेली. त्या आठवड्यात घरी गणपती होते आणि आरतीलासुद्धा माझ्या डोक्यात हेच चालू.

याच सुमारास एक आडवाट घेतली, तीही सांगतो, कारण मराठीत काम करणाऱ्या कोणालाही ती भेटणारच. वाटलं, रिपोर्टच्या शीर्षकावरून शोधावं. 'तिसऱ्या तिमाहीचे व्याज' असं पावतीवर छापलं जातं. ते शोधलं तर शून्य. कारण एक: जावाच्या जुन्या प्रॉपर्टीज फाइलींमध्ये देवनागरी थेट लिहिता येत नसे, जावा 9 येईपर्यंत त्या फाइली आयएसओ 8859-1 मध्ये वाचल्या जात, म्हणून प्रत्येक अक्षर उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडी कोड असं लिहिलेलं. कारण दोन: एसक्यूएलच्या फाइलींमध्ये देवनागरी होतं, पण त्यातला 'ऱ्या' वेगळ्या तऱ्हेने टाइप केलेला. एक पद्धत नुक्ता असलेल्या ऱ ची, दुसरी साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक घालायची. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, गिटला मात्र ते दोन वेगळे मजकूर. अशा वेळी जोडाक्षर टाळून शोधावं, 'तिमाहीचे' एवढंच. सापडलं, पण कामाचं काही निघालं नाही.

गणपती गेल्यावर बायसेक्टला हात घातला. आधी घालायला हवा होता असं कोणी म्हणेल, पण बायसेक्टला प्रत्येक टप्प्यावर जुना कोड चालवून बघावा लागतो, आणि 2019 चा आमचा प्रोजेक्ट आज बिल्ड करणं म्हणजे दिव्यच. तत्त्व सोपं आहे. एक जुनं कमिट द्यायचं जिथे जुनं वागणं होतं, एक नवं द्यायचं जिथे नवं वागणं आहे, आणि गिट दर वेळी मधलं काढून विचारतं, इथे काय? दोन हजार कमिट असली तरी अकरा-बारा प्रश्नांत उत्तर येतं.

दोन गोष्टींनी काम सुसह्य झालं. एक म्हणजे गिट वर्कट्री. त्याने त्याच रिपॉझिटरीचा (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्याचा) दुसरा फोल्डर उघडता येतो, त्यामुळे रोजचं काम एका फोल्डरमध्ये चालू राहिलं आणि बायसेक्ट दुसरीकडे. दुसरी, नावं बदलणं. बायसेक्ट मुळात 'गुड' आणि 'बॅड' विचारतं, आणि अर्ध्या रात्री 365 म्हणजे गुड की बॅड हे आठवेनासं होतं. सुरू करतानाच --टर्म-ओल्ड आणि --टर्म-न्यू देऊन आपले शब्द ठेवता येतात. मी 'पासष्ट' आणि 'सहासष्ट' ठेवले, अर्थात रोमन लिपीत.

बिल्डचं काय करायचं? मेव्हनला (आमचं बिल्ड करणारं साधन) लागणारी एक अंतर्गत जार फाइल कुठल्याशा बंद झालेल्या सर्व्हरवर होती. ती शोधण्यात वेळ न घालवता मी व्याजाचा क्लास आणि त्याला लागणारे दोन-तीन क्लास तेवढेच जावासीने (जावाच्या कंपायलरने) कंपाइल करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. पाच लाख, 9 टक्के, 1 जानेवारी ते 31 मार्च 2024. उत्तर 11,219 आलं तर स्क्रिप्टने 0 परत द्यायचा, 11,189 आलं तर 1, आणि कंपाइलच झालं नाही तर 125. हा 125 महत्त्वाचा. गिट त्याचा अर्थ 'हे कमिट तपासता येत नाही, शेजारचं घे' असा लावतं. तो न देता कंपाइल फसल्यावर 1 परत गेला तर गिट ते 'नवीन वागणं' समजेल आणि तुम्हाला आत्मविश्वासाने चुकीचं कमिट दाखवेल. स्क्रिप्ट रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवा, नाहीतर गिट एकेक जुनं कमिट उघडतं (चेकआउट) त्या गोंधळात सापडते.

गिट बायसेक्ट रन सुरू केलं आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा उत्तर पडद्यावर होतं: 24 फेब्रुवारी 2020. ते एक मर्ज कमिट होतं, म्हणजे दोन ब्रँच एकत्र जोडणारं.

तेव्हा सगळं उलगडलं. गिट लॉग मर्ज कमिटमधला फरक आपणहून दाखवतच नाही. बदललेल्या ओळी दाखवणारं -पी लावलं तरी मर्जखाली काही येत नाही, आणि -एस त्याच फरकात शोधत असल्यामुळे तेही तिथे आंधळं असतं. फाइलच्या साध्या लॉगमध्ये हे मर्ज दिसत होतं. माझ्या नजरेखालून ते गेलंही असणार, पण 'मर्ज ब्रँच' असं शीर्षक वाचून कोण थांबतं? लॉगला -एम जोडलं की प्रत्येक पालकाशी, म्हणजे जोडल्या गेलेल्या प्रत्येक कमिटशी, तुलना होते. तसं करून पुन्हा 365 शोधल्यावर हेच कमिट पहिल्या फटक्यात आलं. आणखी खात्री म्हणून 2021 च्या फॉरमॅटिंगच्या एक पायरी आधीच्या कमिटवर ब्लेम चालवलं, तर भागाकाराच्या ओळीसमोर हेच मर्ज. म्हणजे ब्लेमला मर्ज दिसतं, लॉग -एसला सांगितल्याशिवाय दिसत नाही. हे कुठेतरी भिंतीवर लिहून ठेवावं इतकं उपयोगी आहे.

आत काय घडलं ते गिट शोला --रीमर्ज-डिफ देऊन स्पष्ट दिसलं. गिट 2.35 पासून ही सोय आहे. ते मर्ज स्वतः पुन्हा करून पाहतं आणि माणसाने त्यापेक्षा वेगळं काय लिहिलं एवढंच दाखवतं. एका ब्रँचमध्ये ठेवींच्या व्याजाचं रुपयांत पूर्णांक करण्याचं काम होतं, दुसऱ्या ब्रँचमध्ये कर्जांचं. दोन्हींनी तेच फंक्शन हलवलेलं, म्हणून कॉन्फ्लिक्ट, म्हणजे काय ठेवायचं ते माणसाने ठरवायचं. सोडवताना कर्जाच्या मॉड्यूलमधलं 'त्या वर्षाचे दिवस' काढणारं फंक्शन ठेवींच्या भागाकारातही आलं. दोन्ही ब्रँचमध्ये ते ठेवींकडे नव्हतं. ते जन्मलं मर्जमध्येच.

ज्यांच्या नावावर ते कमिट होतं ते सर आता बंगळूरला असतात. फोन करताना थोडं अवघडल्यासारखं झालं, जाब विचारतोय असं वाटायला नको म्हणून. ते मोकळे निघाले. "अरे, कर्जाला प्रत्यक्ष दिवस घ्यायचे हे तेव्हा दुसऱ्या एका संस्थेने मागितलं होतं. ठेवींसाठी कोणी सांगितलं नव्हतं. तू तसंच लिही, 'कोणाचीही सूचना नव्हती' म्हणून." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

आता पहिला प्रश्न. मला वाटत होतं तारीख मिळाली, 24 फेब्रुवारी 2020. पत्राचा मसुदाही केला. संस्थेच्या व्यवस्थापक मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पण सर, आमच्याकडे 31 मार्च 2020 चं व्याज 365 नेच निघालंय. मी पावत्या काढून बसलेय." बरोबरच होतं त्यांचं. कमिटची तारीख म्हणजे कोड लिहिल्याची तारीख. तो संस्थेच्या सर्व्हरवर केव्हा पोचला हे गिटला ठाऊक नसतं. गिट टॅग --कंटेन्स ने ते मर्ज पहिल्यांदा कोणत्या रिलीजमध्ये गेलं ते काढलं. मग त्या रिलीजचा नंबर घेऊन संस्थेच्या डेटाबेसमधलं व्हर्जनचं टेबल पाहायला सांगितलं, जिथे प्रत्येक अपडेट केव्हा बसलं त्याची नोंद आपोआप होते. तारीख निघाली 11 जुलै 2020. फेब्रुवारीचा रिलीज मार्चअखेरच्या गडबडीत बसवायचा नाही असं ठरलं होतं, आणि मग लॉकडाउन लागला. मार्च आणि जून 2020 च्या तिमाह्या जुन्याच पद्धतीने निघाल्या. सप्टेंबर आणि डिसेंबर 2020 च्या 366 ने. 2021 ते 2023 मध्ये वर्षच 365 दिवसांचं असल्याने फरक पडला नाही, म्हणून कोणाला कळलंही नाही. आणि मग जानेवारी 2024 पासून पुन्हा. मसुदा तसाच गेला असता तर जे ठेवीदार बाधितच नव्हते त्यांचीही यादी झाली असती.

राहिलं 2016. गिटमध्ये 2018 च्या आधीचं काहीच नाही, कारण तेव्हा शेवटची प्रत तेवढी उचलून आणली होती. एसव्हीएनचा जुना सर्व्हर बंद, पण त्याची डिस्क कपाटात लेबल लावून ठेवलेली होती, ही आमच्या जुन्या सिस्टिम ॲडमिनची कृपा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून साडेचारशे रुपयांची साटा-टू-यूएसबी केबल आणली. डिस्क फिरली! रिपॉझिटरीचा फोल्डर कॉपी करून त्याच्यावर एसव्हीएनॲडमिन व्हेरिफाय चालवलं (मूळ डिस्कवर काहीही चालवू नका) आणि तासाभरात ती वाचण्याजोगी आहे हे समजलं. एसव्हीएन लॉगला --सर्च आहे, पण तो संदेश, लेखक, तारीख असल्याच गोष्टींत शोधतो, कोडमध्ये नाही. मला तशी गरज नव्हती. एसव्हीएन कॅटला महिरपी कंसात तारीख दिली की त्या दिवशीची फाइल मिळते. फक्त एक लक्षात ठेवा, नुसती तारीख दिली की तो त्या दिवसाची मध्यरात्रीची सुरुवात धरतो, म्हणजे 31 मार्चचं हवं असेल तर 1 एप्रिल द्यायचा. फाइलमध्ये 365 होतं. पानाची प्रिंट घेतली, रिव्हिजन नंबर दिसेल अशी.

उत्तर 8 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आधी गेलं. लेटरहेडवर दोन पानं, सही-शिक्का. त्यात तिन्ही तारखा वेगळ्या दिल्या, कोड लिहिल्याची, रिलीजची आणि संस्थेत बसवल्याची. सोबत मर्ज कमिटची प्रिंट आणि व्हर्जन टेबलचा उतारा. कमिटचा लांबलचक हॅश पूर्ण छापला, कारण लेखापरीक्षकांनी फोनवर तो पहिला विचारला: "हा नंबर नंतर बदलता येतो का?" त्यांना सांगितलं की आतलं एक अक्षर जरी बदललं तरी नंबर बदलतो. आणि त्याच नंबरची प्रत आमच्या बॅकअपमध्येही आहे, ती जुळवून दाखवतो म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. आमच्या देखभाल करारात असलं काम बसत नव्हतं, तरी साहेबांनी बिल लावलं नाही.

दुरुस्तीचा पॅच त्याच महिन्यात गेला. भाजक आता सेटिंगमध्ये आहे, आणि तो बदलताना ठराव क्रमांक आणि तारीख टाकल्याशिवाय स्क्रीन पुढे जात नाही. बाधित तिमाह्यांमधला फरक चालू ठेवींवर संस्थेने जमा केला. 2020 मधल्या बऱ्याच ठेवी मुदत संपून बंद झालेल्या, त्यांची यादी मी पत्त्यांसकट काढून दिली. तीस-चाळीस रुपयांसाठी लोक शाखेत येतील का, चेक पाठवला तर टपालखर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, यावर मॅडम आणि लेखापरीक्षक यांचं अजून एकमत झालेलं नाही.